पवार, ललिता

पवार, ललिता : (१८ एप्रिल १९१६ – २४ फेब्रुवारी १९९८). हिंदी व मराठी चित्रपटांतील विख्यात अभिनेत्री. मूकपटापासून दूरचित्रवाणीपर्यंत सुमारे सात दशके त्यांनी अखंड अभिनय केला. नायिका म्हणून सुरुवात करून पुढे हिंदी चित्रपटातील खाष्ट सासू, कपटी दासी, कठोर पालक अशा खलभूमिकांमुळे त्या घराघरांत माहीत झाल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेहून अधिक सांगितली जाते. त्यांत हिंदीखेरीज मराठी व गुजराती चित्रपटांचाही समावेश आहे.

त्यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मण शगुन. जन्म नासिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. वडील लक्ष्मणराव हे रेशमी व सुती कापडाच्या व्यवसायात होते. पैठणी व रेशीम यांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यास ते साजेसेच म्हणावे लागेल. घरचे वळण जुन्या पद्धतीचे होते. चित्रपटात काम करणे हे त्या काळी प्रतिष्ठित कुटुंबातील मुलीस शोभणारे मानले जात नसे. रंगभूमीवर स्त्रीभूमिका अजून पुरुष करीत होते आणि चित्रपटाकडे वळणाऱ्या स्त्रियांकडे समाज संशयाने पाहत होता. अशा स्थितीत पुण्यास आलेल्या या मुलीचा तेथील चित्रपटनिर्मात्यांशी संबंध आला व ‘राजा हरिश्चंद्र’ (१९२८) या मूकपटात तिला बालभूमिका मिळाली. त्या वेळी तिचे वय बारा वर्षांच्या आसपास होते. पुढे दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह झाल्यावर त्या ललिता पवार या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. हा विवाह टिकला नाही. नंतर त्यांनी चित्रपटनिर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला. पडद्यावरील नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत बदलले नाही.

मूकपटाच्या अखेरच्या काळात त्या साहसपटांच्या नायिका होत्या. गणपतरावांनी दिग्दर्शित केलेला ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा त्यांपैकी एक. तलवारबाजी, पाठलाग, उड्या, वेषांतर असा डग्लस फेअरबँक्सच्या अमेरिकन चित्रपटांच्या धर्तीवरील मसाला त्यात होता. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. बोलपट आल्यावर ‘दुनिया क्या है’ (१९३७) हाही चित्रपट त्यांनी निर्मिला. पार्श्वगायनाची प्रथा रूढ होण्यापूर्वीचा हा काळ असल्यामुळे ‘हिंमत-ए-मर्दा’ (१९३५) यासारख्या बोलपटांत त्या स्वतःची गाणी स्वतःच गात. चौथ्या दशकाच्या अखेरीस भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये त्यांनी काम केले. वि. स. खांडेकर यांनी लिहिलेल्या व मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अमृत’ (१९४१) या चित्रपटातील त्यांचे कामही वाखाणले गेले. वयाची पंचविशी गाठेतो निर्माती, गायिका व नायिका अशा तिन्ही नात्यांनी त्या या व्यवसायात स्थिरावल्या होत्या. पुढील वर्षी जे घडले त्याचे मोल जाणून घ्यावयाचे, तर हा पूर्वार्ध लक्षात ठेवावा लागतो.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना नायिकेला थप्पड मारण्याचा एक प्रसंग होता. सहकलाकार भगवान (नंतरचे ‘भगवानदादा’) तेव्हा नवखे होते. त्यांचा हात नको तेवढ्या जोराने बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली व चेहऱ्याच्या त्या बाजूस पक्षाघात झाला. दीर्घकाळ उपचार झाले. चेहऱ्याची हालचाल पुष्कळशी परत आली. परंतु डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिकांचे दार त्यामुळे बंद झाले. चित्रपटसृष्टीच्या त्या काळच्या हिशेबात अशा अभिनेत्रीस घरी बसणे किंवा दुय्यम भूमिका स्वीकारणे एवढाच पर्याय उरे. त्यांनी दुसरा पर्याय स्वीकारला आणि दुय्यम समजल्या जाणाऱ्या भूमिकांचा दर्जाच वाढविला.

या अपघाताविषयी एक सुलभ समजूत रूढ झाली आहे. डोळा बारीक झाला, त्यामुळे चेहरा कपटी दिसू लागला आणि म्हणून त्या खलनायिका झाल्या, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. पण ते पुरते खरे नाही. शरीरव्यंग म्हणजे मनाच्या कुटिलतेची खूण, ही कल्पना चित्रपटाच्या पुष्कळ आधीची आहे. वाल्मीकिरामायणातील मंथरा कुबडी आहे. एकाक्ष शुक्राचार्यांचे नाव मराठी लोकव्यवहारात वाकड्या बुद्धीच्या माणसासाठी सहज वापरले जाते. चित्रपटाने ही जुनी सवय निकटदृश्याच्या साहाय्याने अधिकच पक्की केली. ललिता पवार यांचा अर्धवट मिटलेला डोळा पडद्यावर मोठा करून दाखविला की प्रेक्षकाने पुढचे ओळखावे, असा दिग्दर्शकांचा संकेतच ठरून गेला. दुखापत झालेल्या व्यक्तीच्या दृष्टीने यात क्रूरपणा होता आणि तो तसा ओळखला गेला नाही. तथापि त्यांच्या अभिनयाचे रहस्य डोळ्यात असते, तर त्याच डोळ्याने त्यांना वात्सल्य दाखविता आले नसते. त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांपैकी निम्म्या तरी वात्सल्याच्या आहेत.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९५९ या एका वर्षात सापडतो. त्या वर्षी हृषीकेश मुखर्जी यांचा ‘अनाडी’ व बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ असे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. ‘अनाडी’मधील मिसेस डीसा ही मुंबईतील ख्रिस्ती घरमालकीण. ती भाडेकरू तरुणावर (राज कपूर) सतत डाफरते. पण तिचा सारा जीव त्याच्यावर असतो. भेसळयुक्त औषधाने तिचा मृत्यू होतो आणि तिला विष दिल्याचा आळ त्याच निरपराध तरुणावर येतो. चित्रपटाची सगळी नैतिक बाजू तिच्या मृत्यूवर उभी आहे. प्रेक्षकाला ही बाई आपली वाटली नसती, तर औषध कारखानदाराविरुद्धची फिर्याद पोकळ ठरली असती. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘सुजाता’तील गिरिबाला ही नेमकी उलट टोकाची. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या व ब्राह्मण कुटुंबात वाढणाऱ्या मुलीला ती घरात सहन करू शकत नाही. येथे त्यांनी आवाज चढविला नाही की डोळा वटारला नाही. ती बाई स्वतःला दुष्ट समजतच नाही. धर्म पाळणे हे आपले कर्तव्य आहे अशी तिची प्रामाणिक श्रद्धा आहे. सोवळ्याच्या भाषेत बोलली गेलेली क्रूरता किती सहज व सभ्य असू शकते, हे या भूमिकेत दिसते. त्याच चित्रपटात सुलोचनाबाई (लाटकर) पालक मातेच्या भूमिकेत आहेत. हिंदी चित्रपटाने आईची दोन रूपे दोन मराठी अभिनेत्रींकडे सोपविली, त्याचे हे एक चांगले उदाहरण होय. एकाच वर्षी एकाच चेहऱ्याने माया आणि तिरस्कार हे दोन्ही भाव इतक्या खात्रीने प्रकट होत असतील, तर चेहरा हे केवळ साधन होते, असेच म्हणावे लागते.

हिंदी चित्रपटातील स्त्री खलपात्रांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार घराबाहेरच्या स्त्रीचा. मद्यालयात किंवा मेजवानीत वावरणारी, नायकाला मोहात पाडणारी ही स्त्री कुलदीप कौर, नादिरा, शशिकला, हेलन, बिंदू इत्यादींनी वठविली. तिची दुष्टता तिच्या वेषावरून व वागण्यावरून लगेच ओळखू येते आणि प्रेक्षकाच्या घराशी तिचा संबंध नसतो. दुसरा प्रकार घरातल्या स्त्रीचा. ललिता पवार यांनी या प्रकाराला स्वरूप दिले. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, डोक्यावर पदर असतो, देवपूजाही ती नेमाने करते. तिची सत्ता स्वयंपाकघर, कोठीची खोली व मुलाचे मन एवढ्यापुरती असते. बाहेरच्या जगात तिला कोणी विचारीत नाही. म्हणूनच उंबऱ्याच्या आत ती सत्ता ती निर्दयपणे वापरते. अनेकदा ती स्वतः एके काळी सासुरवास सोसलेली असते. मराठी प्रेक्षकाला हे पात्र नवे नव्हते. जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी यांतून सासूचे हे चित्र पिढ्यानपिढ्या चालत आले होते. ललिताबाईंनी ते पडद्यावर आणले तेव्हा गावोगावच्या स्त्रियांना त्यात आपल्या घरची माणसे दिसली. त्यांचे नावच पुढे खाष्ट सासूला दिलेले विशेषण झाले. असे भाग्य, किंवा दुर्भाग्य, अभिनेत्यांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

या प्रकारातील पहिली महत्त्वाची भूमिका व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मधील (१९५०) सासूची. हुंड्यासाठी सुनेचा छळ करणाऱ्या या सासूचा लोभ ही केवळ व्यक्तीची विकृती नाही, तर लग्नव्यवहारातून आलेली गोष्ट आहे, हे दाखविण्याचा दिग्दर्शकाचा हेतू होता. हुंडा प्रतिबंधक अधिनियम केंद्र शासनाने यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये संमत केला. शांतारामांची शैली भडक रंगांची आहे व ‘दहेज’ही त्यास अपवाद नाही, पण ललिताबाईंच्या अभिनयात मागणी करण्याची एक घरगुती सहजता आहे. बाजारात भाजी निवडावी तशा त्या सुनेच्या माहेरून आलेल्या वस्तू पाहतात. ही सहजता भडकपणापेक्षा अधिक अंगावर येते. ‘नील कमल’ (१९६८) आदी पुढील चित्रपटांत त्यांनी अशी सासू पुन्हापुन्हा केली. त्यांतील कित्येक भूमिका ठरीव साच्याच्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. शेवटच्या रिळात सासूला एकदम पश्चात्ताप होतो. कारण नायकाच्या आईला तुरुंगात पाठविता येत नाही वा मारताही येत नाही. अशा अचानक पालटाला पटकथेचा आधार नसेल, तर समर्थ नटही काही करू शकत नाही. ‘सौ दिन सास के’ (१९८०) या चित्रपटाने तर त्यांच्या पडद्यावरील या प्रतिमेलाच विषय केले. त्यातील भवानीदेवी ही तीस वर्षांच्या साच्याची जणू बेरीज आहे.

मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात त्यांची आणखी एक खलभूमिका आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटात त्यांनी आनंदीबाईची भूमिका केली. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. राघोबादादांच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ आनंदीबाईने केले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात रूढ आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच आला. गजानन जागीरदार यांनी साकारलेला निःस्पृह रामशास्त्री आणि पडद्याआडून सूत्रे हलविणारी आनंदीबाई यांच्या विरोधावर चित्रपटाचा तोल अवलंबून आहे. घरातल्या बाईच्या हातातील एक अक्षर राज्याची दिशा बदलू शकते, ही कल्पना त्यांच्या पुढील सर्व खलभूमिकांचे मूळ सूत्र ठरली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मंथरेची भूमिका त्यांनी दोनदा केली : प्रथम बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) या चित्रपटात व नंतर रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ या दूरचित्रवाणी मालिकेत. ही मालिका दूरदर्शनवरून २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात प्रसारित झाली. तेव्हा ललिताबाई सत्तरीत होत्या. या मालिकेतील पुष्कळसा अभिनय नाटकी व संथ आहे. मंथरेच्या प्रवेशांत मात्र गती येते. कैकेयीच्या मनात विष कालवताना ती दासी आधी स्वतःचे दुःख पुढे करते, मग गप्प राहते, मग निघून जाण्याचा आव आणते. ऐकणाऱ्याने आपण होऊन विचारावे, अशी ही चाल आहे. वाड्यातील आश्रितांना अशीच भाषा वापरावी लागते आणि ललिताबाईंना तिची नेमकी जाण होती. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात ही मालिका दूरदर्शनने पुन्हा दाखविली. त्या वेळी त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या प्रेक्षकांनीही मंथरेचा मनापासून राग केला.

विनोदाच्या अंगानेही त्यांनी कठोर स्त्री रंगविली, याकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये (१९५५) त्या पुरुषद्वेष्ट्या समाजकार्यकर्त्या सीतादेवी झाल्या. भाचीला वारसा मिळावा म्हणून त्या तिचे नावापुरते लग्न लावून देतात व पुढे घटस्फोट घडवू पाहतात. हिंदू विवाह अधिनियम त्याच वर्षी संमत झाला. त्या निमित्ताने चाललेल्या चर्चेत चित्रपटाने घटस्फोट मागणाऱ्या स्त्रियांची सरळ थट्टा केली आहे. ही भूमिका आज पटण्यासारखी नाही. ललिताबाईंनी मात्र सीतादेवीला हास्यास्पद होऊ दिले नाही. तिचा युक्तिवाद त्या मनापासून मांडतात. त्यामुळे लेखकाला अभिप्रेत नव्हते इतके वजन तिच्या बाजूला येते. ‘जंगली’त (१९६१) त्या घरात हसण्यास बंदी घालणाऱ्या आई आहेत. लेख टंडन यांच्या ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) त्यांनी भाच्यांवर करडी नजर ठेवणारी प्रौढ आत्या उभी केली. घरात तरुण शिक्षक नको म्हणून ती वृद्ध प्राध्यापक नेमते आणि वेषांतर केलेल्या त्या तरुणाच्याच (शम्मी कपूर) प्रेमात पडते. ही कोरडी बाई आरशापुढे बसून नटू लागते, त्या प्रवेशात प्रेक्षक हसतो. पण हसता हसता त्याला अवघडल्यासारखे होते. सारे आयुष्य इतरांवर पहारा करण्यात गेलेल्या स्त्रीला उशिरा झालेली जाग त्यांनी थट्टेच्या पातळीवर येऊ दिली नाही. या अभिनेत्रीच्या गुणांची खरी उंची पाहू इच्छिणाऱ्याने हा चित्रपट अवश्य पाहावा. बीरेन नाग यांच्या ‘कोहरा’त (१९६४) हवेलीवर सत्ता गाजविणारी दाई आहे. हा चित्रपट दाफ्ने द्यू मोरिए यांच्या ‘रेबेका’ या कादंबरीवर आधारलेला होता. तेथे त्या पुष्कळदा नुसत्या उभ्या राहून भय निर्माण करतात.

याच्या जोडीला राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’मधील (१९५५) केळी विकणारी गंगामाई ठेवावी. मुंबईत नुकत्याच आलेल्या तरुणाशी भावावरून घासाघीस करता करता ती त्याला मुलगा मानते. नादिराने रंगविलेली श्रीमंत मोहिनी माया त्याच चित्रपटात आहे. पैशाच्या जगातली ती आणि पदपथावरची गंगामाई यांच्यामध्ये नायकाचे मन ओढले जाते. पाच वर्षांपूर्वी ‘दहेज’मध्ये जिने प्रेक्षकांचा संताप ओढवून घेतला होता, तिला या भूमिकेत त्यांनी क्षणात आपले मानले. हृषीकेश मुखर्जी यांनी या गुणाचा उपयोग इतरांपेक्षा अधिक जाणतेपणाने करून घेतला. ‘मेमदीदी’मध्ये (१९६१) त्यांनी ललिताबाईंना शीर्षकभूमिका दिली व ‘आनंद’मध्ये (१९७१) रुग्णालयातील करड्या शिस्तीची मुख्य परिचारिका. वरून कडक व आतून हळवी, या ठरीव वर्णनात या भूमिका बसतात खऱ्या. परंतु आतला हळवेपणा दाखविण्याची घाई त्या कधी करीत नाहीत.

त्यांच्या अभिनयपद्धतीची घडण मूकपटात झाली होती, हे ध्यानात घेतल्यास पुष्कळ गोष्टी उलगडतात. शब्दांवाचून अर्थ पोहोचविण्याचे शिक्षण त्यांना लहानपणीच मिळाले होते. पदर खांद्यावरून ओढून घेणे, समोरच्याकडे न पाहता बोलणे, एखादी वस्तू नको तितक्या सावकाश खाली ठेवणे अशा लहानसहान हालचालींवर त्यांची मोठी मदार असे. संवाद त्या बहुधा खालच्या स्वरात सुरू करीत व टोचणारा शब्द वाक्याच्या अखेरीस ठेवीत. दुखावलेल्या डोळ्याला लपविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्याला कधी संशयाचे, कधी थकव्याचे, तर कधी मिस्किलपणाचे काम दिले. अधू झालेल्या अवयवाला अभिनयाचे साधन बनविण्याचे असे उदाहरण भारतीय चित्रपटात विरळाच. त्यामागे किती कष्ट असतील, याची कल्पना चेहऱ्याच्या पक्षाघाताचा अनुभव असणाऱ्यासच येईल.

त्यांना संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक (१९६१) मिळाले. अखेरच्या काळात त्या पुण्यात राहत होत्या. तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. ‘दिलेर जिगर’ मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झालेला आहे. १९४२ पूर्वीचा त्यांचा चेहरा व त्या वेळची चपळ साहसी नायिका त्यात पाहावयास मिळते.